अत्तारांच्या दारातला गतिरोधक

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता वारज्यातल्या अनुपम प्लॉटधारक संघाने गल्लीतला नवा गतिरोधक मेहरुन अत्तार यांच्या दारासमोर घालण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. मेहरुन अत्तार सभेला हजर नव्हत्या. एकमत होण्याचे कारणही तेच होते.

गतिरोधक हवा, याबद्दल गल्लीत दुमत नव्हते. महामार्गाशेजारच्या रस्त्यावर सिग्नल बसला, तेव्हापासून तो चुकवू पाहणारे दुचाकीस्वार संघाच्या गल्लीतून सुसाट जात होते. त्यांच्यातल्या एकाने संघाचे अध्यक्ष गोपाळकृष्ण ताम्हनकर यांच्या फाटकावरची पाटी उडवली. पाटीवर लिहिले होते, ‘हळू जा. घाई असेल तर काल निघायचे होते.’ ताम्हनकर बँकेतून निवृत्त झालेले होते आणि पाट्या स्वतः रंगवत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सभेची सूचना काढली.

प्रश्न एवढाच होता की गतिरोधक कोणाच्या दारात घालायचा. दारात गतिरोधक म्हणजे दिवसभर ब्रेकची करकर, धूर, आणि मागच्या सीटवरून सांडलेल्या वस्तूंवरून होणारी भांडणे. अशा वेळी संघाची एक जुनी पद्धत होती. ती उपविधींत कुठे लिहिलेली नव्हती, पण उपविधींपेक्षा काटेकोरपणे पाळली जाई. नकोशी वस्तू गैरहजर सभासदाच्या दारात जात असे. विजेचा डीपी एका डॉक्टरांच्या कुंपणाला लागला, कारण सभेच्या रविवारी ते काशीला होते. ओल्या कचऱ्याचा खड्डा ज्यांच्या खिडकीखाली आला, ते कुटुंब तेव्हा मुलाकडे अमेरिकेत होते. परत आल्यावर त्यांनी खिडकी भिंतीने बुजवली. या पद्धतीमुळे संघाच्या सभांना हजेरी उत्तम असे. हार्मोनियमचे वर्ग घेणारे बाळ पाटणकर एकदा प्लॅस्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून सभेला बसले होते.

त्या रविवारी मेहरुन अत्तार भाचीच्या, सुमय्याच्या, साखरपुड्याला गेल्या होत्या. त्यांचे पती मुनव्वर यांचा मार्केट यार्डात मिरचीचा गाळा आहे. ते घरीच होते, पण सभेला गेले नाहीत. “आठवडाभर लिलाव ऐकतो,” असे ते म्हणत. “रविवारी फुकटचा कशाला ऐकू?”

मेहरुन संध्याकाळी परतल्या, तेव्हा दारासमोरच्या डांबरावर खडूने दोन आडव्या रेघा मारलेल्या होत्या. मेहरुन तशाच ताम्हनकरांच्या फाटकाशी गेल्या.

“काका, तुमच्या पाटीला धक्का लागला म्हणून माझ्या दारात डोंगर?”

“डोंगर नाही. गतिरोधक. आणि ठराव एकमताने झालाय.”

“माझं मत कुठे होतं त्यात?”

“तेच तर,” ताम्हनकर म्हणाले. “तुम्ही आला असतात तर एकमत झालं नसतं.”

मेहरुन यांना राग येण्याचे खास कारण होते. शनिवार पेठेतल्या एका साडीच्या दुकानात त्या लग्नाआधीपासून साड्यांना फॉल लावत आल्या होत्या. मागच्या वर्षी ते दुकान बंद झाले आणि जाताना मालकांनी पिकोचे मशीन त्यांना देऊन टाकले. ते मशीन त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मांडले, बाहेर ‘फॉल, पिको, ब्लाउज’ अशी पाटी लावली, गिऱ्हाइकांसाठी बाक ठेवला. बाकावर बहुतेक वेळा मुनव्वर पेपर वाचत बसत. गल्लीतून जाणारे इतक्या वेगाने जात की ‘फॉल’ वाचेपर्यंत ‘ब्लाउज’ मागे पडे.

त्यामुळे पुढच्या खोलीचे काय करायचे, हा अत्तारांच्या घरातला चालू विषय होता. जागेचे एजंट कोंडीराम शितोळे यांना ती ऑफिससाठी हवी होती. शेवटी नवरा-बायकोत ठरले की गौरी-गणपतीपर्यंत वाट पाहायची. गौरींच्या दिवसांत नव्या साड्या निघतात. तेव्हाही मशीन चालले नाही, तर खोली शितोळ्यांना. मुनव्वर यांनी शितोळ्यांना सांगितले, “बहुतेक देऊ.” शितोळे यांनी त्यातले ‘देऊ’ तेवढे ऐकले आणि टेपने खोलीची मापे घेऊन गेले.

अशा वेळी दारात धूर आणि करकर आली, तर उरलेसुरले गिऱ्हाईकही जाईल, अशी मेहरुन यांची भीती होती. ताम्हनकरांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, “पुढच्या सभेत मांडा. या मात्र.”

गतिरोधक पाऊस सुरू होण्याआधी बांधून झाला. देखरेख संघाचे सचिव रामदास ओव्हाळ यांच्याकडे होती. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते.

“उंची किती ठेवू?” त्यांनी अध्यक्षांना विचारले.

“जाणवला पाहिजे.”

“साहेब, मी आयुष्यभर पाणी अडवलं. स्कूटर अडवायचा मला अंदाज नाही.”

“मग पाण्याच्या अंदाजाने बांधा.”

रामदास यांनी तसाच बांधला. त्यांच्या पत्नी शालन घरगुती कांदा-लसूण मसाला करून विकतात. काम पाहायला आल्या तेव्हा त्या काँक्रीटभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “अहो, हा गतिरोधक आहे का बंधारा? सांडवा कुठाय याचा?”

जुलैत त्यांचे म्हणणे खरे ठरले. गतिरोधकाच्या दोन्ही अंगांना पाणी साचू लागले. दुचाकीस्वार आधी डबके पाहून वेग कमी करी, मग उंची पाहून जवळजवळ थांबे आणि पाय टेकत-टेकत वर चढे. त्या वेळी मागे बसलेल्या बाईला करण्यासारखे काही नसे. ती इकडेतिकडे पाही, आणि पाहण्यासारखे समोर एकच होते.

“अहो, थांबा,” पहिली बाई म्हणाली.

“थांबलोच आहे. जातोय कुठे?”

“फॉल-पिको लिहिलंय बघा.”

“मग?”

“मग काय मग. वहिनींची साडी किती दिवस डिकीत घेऊन हिंडायची?”

हे संभाषण मेहरुन यांनी मशीनवर बसल्या-बसल्या ऐकले. साडी खरोखर डिकीत होती. ती बाई दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन आली. श्रावण लागला तोवर बाकावर बसायला जागा उरली नव्हती आणि मुनव्वर पेपर स्वयंपाकघरात वाचू लागले. मंगळागौरीच्या आठवड्यात पिकोच्या मशीनचा आवाज पाटणकरांच्या घरापर्यंत जात होता. पाटणकरांच्या घरातून उलट दिशेने कसलाच आवाज येत नव्हता, कारण त्यांच्याकडे विद्यार्थी नव्हते.

अत्तारांच्या बाकावरच्या गर्दीचे कारण काय, हे गल्लीच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरावर कसली ना कसली पाटी होती आणि ती वाचायला कोणी थांबत नव्हते. पाटणकरांची ‘हार्मोनियम, सर्व वयोगट’ होती. शालन यांची मसाल्याची होती. ताम्हनकरांची सून गायत्री उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेत असे, आणि गणपती तोंडावर आले होते. तिच्या पाटीखाली सासऱ्यांनी एक ओळ स्वतःहून घातली होती, ‘आधी सांगावे, मागून रुसू नये.’

ऑगस्टमध्ये संघाच्या फळ्यावर सूचना लागली.

‘गतिरोधकामुळे श्री. व सौ. अत्तार यांना होत असलेल्या असह्य जाचाची संघाने गंभीर दखल घेतली आहे. हा जाच अन्य सभासदाने आपल्या दारी घ्यावा, हेच शेजारधर्मास धरून होईल. गतिरोधक हलवण्याची जागा ठरवण्यासाठी विशेष सभा रविवारी सकाळी दहा वाजता.’

मेहरुन पुन्हा ताम्हनकरांच्या फाटकाशी गेल्या.

“काका, मला काही जाच नाही.”

“तुम्ही बोलून दाखवत नाही. पण आम्हाला दिसतो ना.”

“जून-जुलैत नाही दिसला?”

“पावसात नीट दिसत नव्हतं,” ताम्हनकर म्हणाले.

“मी मेमध्ये हेच सांगत होते, तेव्हा पाऊस नव्हता.”

“म्हणून तर म्हणतो, सभेला या. तुमचं दुःख सगळ्यांसमोर मांडा. आम्ही ते दूर करू.”

गणपती बसायला फार दिवस उरले नव्हते. त्यात शितोळे यांनी गल्लीतून स्कूटर नेली, गतिरोधकावर पाय टेकले, वर चढले आणि उतरून खोलीकडे बराच वेळ पाहत राहिले. त्याच संध्याकाळी ते मुनव्वर यांना फोनवर म्हणाले, “मालक, आता तर हीच जागा पाहिजे. माणूस इथे थांबतोच. मी गौरी उठायची वाट बघतोय.” मुनव्वर यांनी हे घरी सांगितले. मेहरुन यांनी मशीन थांबवले नाही, पण धागा तुटला.

“तुम्ही त्याला हो म्हणालात?”

“मी बहुतेक म्हणालो होतो.”

“मग आता काय म्हणणार?”

“गौरी येऊ देत. यार्डात शब्द फिरवलेला मी नाही, मेहरुन. पण बहुतेक म्हणजे शब्द का, ते बघावं लागेल.”

ठरलेल्या रविवारी दहा वाजता मेहरुन अत्तार संघाच्या खोलीत पोहोचल्या. खोलीची किल्ली सचिवांकडे असते, म्हणून रामदास ओव्हाळ आधीच आले होते. त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या.

सव्वादहा झाले तरी त्या रिकाम्याच होत्या. अध्यक्षांचा मोबाइलवर निरोप आला की त्यांना ताप आहे. बाळ पाटणकर गावाला गेल्याचे त्यांनीच ग्रुपवर कळवले. त्यांच्या घरातून मात्र भैरवी ऐकू येत होती.

“विद्यार्थी असेल कोणी,” रामदास म्हणाले.

“भाऊ, विद्यार्थी असता तर ही सभा कशाला झाली असती?”

रामदास हसले. मग त्यांनी कॉलर नीट केली आणि म्हणाले, “भाभी, तुमच्या लक्षात आलं का? सगळे मुद्दाम आलेले नाहीत. गैरहजराच्या दारात जातं ना. प्रत्येकाला वाटतंय, आपण एकटेच गैरहजर राहू.”

“आणि शालनताई?”

“ती तर मला सकाळीच म्हणाली, तुम्ही हजर राहा, मी गैरहजर राहते. प्लॉट तिच्या नावावर आहे.”

नियमाप्रमाणे पुरेसे सभासद नसल्याने सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा जेवढे असतील तेवढे पुरतात. हा अर्धा तास रामदास यांनी घरून आणलेल्या थर्मासमधल्या चहावर काढला. मेहरुन यांनी दोन साड्या बरोबर आणल्या होत्या. फॉलची कडा हाताने टाचत त्या बसल्या.

“पद्धतीप्रमाणे पाहिलं,” चहा ओतताना रामदास म्हणाले, “तर तो आता सगळ्यांच्या दारात गेला पाहिजे. सगळेच गैरहजर.”

“मग घाला. प्रत्येकाला एकेक.”

“मग या गल्लीतून मांजरसुद्धा जाणार नाही.”

“तेच म्हणते मी. एकच राहू दे, आहे तिथे. निदान गौरी होईपर्यंत. नंतर हवा तर उचला आणि ताम्हनकरकाकांच्या गच्चीवर नेऊन ठेवा.” त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. “गौरीपर्यंत बाक भरलेला दिसला तर खोली माझी, असं घरी ठरलंय. त्याआधी हा हलला तर बाक रिकामा. मग शितोळ्यांचं टेबल येतं तिथे. भाऊ, दुकानात मी सगळी वर्षं मागच्या भिंतीकडे तोंड करून बसले. रस्त्याकडे तोंड करून पहिल्यांदा बसलेय.”

रामदास यांनी थर्मासचे झाकण लावले. सभा पुन्हा सुरू झाली. अध्यक्ष नसल्याने हजर सभासदांनी आपल्यातून अध्यक्ष निवडायचा होता. हजर सभासद मेहरुन होत्या. त्यांनी स्वतःची निवड केली आणि ठराव मांडला की गतिरोधक आहे तिथेच ठेवावा.

“अनुमोदन?” त्यांनी विचारले.

खोलीत रामदास सोडून दुसरे कोणी नव्हते. रामदास सहसभासद होते. मुख्य सभासद गैरहजर असेल, तर सहसभासदाला मत असते, हे त्यांना माहीत होते आणि ते माहीत नसते तर बरे झाले असते, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

“भाभी, मी अनुमोदन दिलं तर आजचं जेवण बंद.”

“आमच्याकडे या. हे रविवारी मटण करतात.”

“आणि उद्याचं?”

“उद्याही उरलेलं असतं.”

तेवढ्यात दारात सावली पडली. शालन ओव्हाळ उंबरठ्याबाहेर उभ्या होत्या. हातात पिशवी होती, पायांत चपला होत्या.

“मी आत आलेली नाही,” त्यांनी आधीच सांगून टाकले. “हजेरी लावायची नाही.”

“मग ऐकत का होतीस?” रामदास म्हणाले.

“रस्ता सार्वजनिक आहे. भाभी, तुमचं सगळं खरं. पण मसाल्यालाही गिऱ्हाईक लागतं. मिरची तुमच्याच गाळ्यावरून घेते मी. माझा डबा विकला गेला तर तुमचाच माल खपतो ना?”

“मग डबे माझ्या दुकानात ठेव,” मेहरुन म्हणाल्या. “बाई साडीची वाट बघत बसते. तेवढ्यात तिला वास आला की झालं.”

“साड्यांना लागेल वास.”

“झाकण घट्ट लाव. दर मंगळवारी एक डबा उघडा ठेवू. त्या दिवशी मी कॉटनच्याच साड्या घेते, धुतल्या की वास जातो.”

शालन यांनी विचार केला. विचार करताना त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“बाकाच्या बाजूला ठेवाल, का कोपऱ्यात?”

“बाकाच्या बाजूला.”

“अहो,” शालन नवऱ्याला म्हणाल्या, “द्या की अनुमोदन. किती वेळ बिचाऱ्या एकट्याच सभा चालवतायत.”

“तू हजर नाहीस ना?”

“नाहीच मुळी. मी बाजारात चाललेय.”

रामदास यांनी अनुमोदन दिले. ठराव पुन्हा एकदा एकमताने मंजूर झाला. पाटणकरांच्या घरातून अजून भैरवी येत होती.

अध्यक्षांचा ताप दुपारपर्यंत उतरला. संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर हरकत नोंदवली. अध्यक्ष आजारी असताना झालेली सभा ही सभा नव्हे, ते चहापान होय, असे त्यांचे म्हणणे होते. रामदास यांनी उत्तर दिले की चहाही त्यांनी घरूनच आणला होता. यावर ग्रुपवर कोणी काही लिहिले नाही, फक्त पाटणकरांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि ते गावाहून परत आल्याचे त्यामुळे कळले.

सोमवारी शालन यांचे डबे बाकाशेजारी लागले. बुधवारी गायत्री ताम्हनकर सासऱ्यांना न सांगता एक मोदक केळीच्या पानात बांधून घेऊन आली आणि तो मेहरुन यांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, “भाभी, नमुना.” तिच्यासाठी डब्यांच्या वर फळी मारण्यात आली. गुरुवारी पाटणकर आले. एक छोटी हार्मोनियम बाकाखाली राहू शकेल का, असे त्यांनी विचारले; ती कोणी वाजवणार नाही, नुसती दिसेल. याला मेहरुन यांनी नकार दिला. पाटणकरांनी मग नऊवारी काढून दिली. ती त्यांच्या आईची होती आणि तिला फॉल लागत नव्हता. त्यांना फक्त बाकावर बसायचे होते, असे मेहरुन यांचे मत पडले.

ताम्हनकरांनी माघार घेतलेली नाही. गणपती बसले त्या दिवशी, आरतीनंतर, त्यांनी फळ्यावर नवी सूचना लावली. गतिरोधकाच्या जागेबाबत फेरविचाराची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. सूचनेच्या तळाशी, वेगळ्या रंगात, एक ओळ आहे, ‘या सभेस गैरहजर राहणारे सभासद हजर समजले जातील.’ याचा नेमका अर्थ काय, याबद्दल गल्लीत दोन पक्ष आहेत. रामदास यांनी तसे अध्यक्षांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “या म्हणजे कळेल.” आपल्याच घरचे मोदक अत्तारांच्या फळीवर आहेत, हे त्यांना शनिवारपर्यंत माहीत नव्हते, किंवा माहीत असल्याचे त्यांनी दाखवले नव्हते.

गौरीही रविवारीच येत आहेत. शनिवारी संध्याकाळी अत्तारांच्या पुढच्या खोलीत साड्यांचा ढीग होता. बाकावर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. बाहेर एक स्कूटर गतिरोधकावर अर्धी चढून थांबली होती आणि तिच्यावरची बाई तिथूनच हात हलवून आपला नंबर लावत होती. एकटीने घड्या घालणे मेहरुन यांना जमेना, तेव्हा मुनव्वर यार्डातून आले तसे, चपला काढून, साडीचे दुसरे टोक धरून उभे राहिले.

त्यांच्या खिशातला फोन वाजू लागला.

“कोणाचा?” मेहरुन यांनी विचारले.

“शितोळ्यांचा असेल.”

“काय सांगणार?”

“आधी घडी होऊ दे. काठाला काठ लाव.”

घडी झाली. बाकावरच्या बाईने साडी घेतली, मेहरुन यांनी दुसरी उचलली आणि तिचे टोक मुनव्वर यांच्या हातात दिले. फोन वाजून बंद झाला, थोड्या वेळाने पुन्हा वाजला. रात्री आठपर्यंत मुनव्वर अत्तार यांनी शितोळे यांना उलट फोन केलेला नव्हता. रविवारच्या सभेला कोण येणार, हेही तोपर्यंत कोणी सांगायला तयार नव्हते.